पावसात दरीतले धबधबे टिपताना: ताम्हिणी-कुंडलिकेच्या वाटेवर पहिल्यांदाच कॅमेरा घेऊन निघालेल्यांसाठी

ताम्हिणीत फोटो काढायला गेलेला नवखा माणूस गाडीतून उतरला की आधी पाण्याकडे धावतो. जितकं जवळ जाऊ तितका फोटो जोरदार येईल असं त्याला वाटतं. पण धबधब्याच्या पायथ्याशी लेन्सवर तुषार असतात, पायाखाली शेवाळ असतं आणि समोर नुसतं पांढरं पाणी दिसतं. धार किती उंचावरून येते, कुठल्या कड्यावरून सुटते, खाली कुठे जाते, यातलं काहीच चौकटीत येत नाही. तोच धबधबा दरीच्या अलीकडच्या काठावरून बघा. कातळाचे थर दिसतात, मधूनच ढगात शिरणारी धार दिसते आणि कॅमेराही बऱ्यापैकी कोरडा राहतो. या भागात फोटोची चांगली जागा आणि जिवाला सुरक्षित जागा बहुतेक वेळा एकच असते. हे एवढं एक पटलं की बाकीचं शिकायला सोपं आहे.

आधी दरी आणि वारा समजून घ्या

कुंडलिका भिऱ्याच्या वरच्या डोंगरात उगम पावते आणि कोलाड, रोहा करत रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. उगमाकडच्या भागात तिची दरी खोल आणि अरुंद आहे. पुण्याहून पौड, मुळशी करत ताम्हिणीकडे निघालात की निव्याजवळ उजवीकडे लोणावळ्याच्या बाजूला रस्ता फुटतो. त्या रस्त्यावर पिंपरीच्या आसपास ही दरी काठावरूनच दिसते. अंधारबनाची वाट इथूनच सुरू होते आणि भिऱ्याला उतरते. पहिल्या खेपेला अंधारबन नको. काठावरचे मोकळे सडे (कातळाची सपाट पठारं) आणि घाटातल्या रुंद जागा पुरेशा आहेत. हा परिसर अभयारण्याचा आहे आणि पावसाळ्यात वाटा, धबधबे बंद असल्याचे आदेश निघतात, त्यामुळे निघण्याआधी चौकशी करा. भिऱ्याजवळच्या देवकुंड धबधब्याला तर भर पावसात बहुधा बंदीच असते. चालायची सवय नसेल तर भंडारदऱ्याजवळचा प्रवरेवरचा रंधा धबधबा हा चांगला पर्याय आहे. तिथे नदी घळीत कोसळते ती समोरून बघता येते.

सह्याद्रीचा हा सगळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, थरावर थर साचलेला. टणक थर टिकतो, त्याखालचा ठिसूळ थर झिजतो, म्हणून इथले धबधबे एका उडीत कमी आणि टप्प्याटप्प्याने जास्त पडतात. फोटोत हे टप्पे दिसले पाहिजेत. ते दिसले की बघणाऱ्याला जागा ओळखता येते.

आता वारा. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो आणि दरीचं तोंड कोकणाकडे आहे. म्हणजे वारा खालून दरीत शिरतो आणि पाऊस घेऊन वर चढतो. नाणेघाटात किंवा आंबोलीच्या कावळेसादला पाणी उलटं वर उडताना दिसतं ते याच वाऱ्यामुळे. याचा तुमच्यासाठी अर्थ असा की पश्चिमेकडे कॅमेरा धरलात तर काही क्षणांत काच थेंबांनी भरेल. पाठ वाऱ्याकडे करा, म्हणजे तोंड साधारण पूर्वेला किंवा ईशान्येला येईल. ते जमत नसेल तर निदान वारा खांद्यावरून आडवा जाऊ द्या. जागा निवडताना मी आधी हे बघते आणि चौकटीचा विचार नंतर करते. कितीही सुंदर दृश्य असलं तरी वारा तोंडावर असेल तर तिथे कॅमेरा बाहेर काढण्यात अर्थ नाही.

कधी जायचं

मृग आणि आर्द्रा नक्षत्रांत, म्हणजे जूनभर, पहिला पाऊस माती घेऊन उतरतो आणि पाणी चहासारखं तांबूस असतं. पुनर्वसू-पुष्यात, जुलैच्या दोन्ही पंधरवड्यांत, पावसाचा जोर एवढा असतो की दरी ढगांनी भरलेली आणि रस्त्यावर दगड आलेले. जुलै २०२४मध्ये ताम्हिणीत एका दिवसात ५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. अशा दिवशी घरी बसावं. नवख्यांसाठी ऑगस्टचा पहिला आठवडा उलटल्यापासून महिनाअखेरपर्यंतचा काळ मला सगळ्यात चांगला वाटतो. आश्लेषा, मघा चालू असतात, डोंगर पाणी पिऊन तृप्त झालेला असतो, पाणी स्वच्छ पांढरं असतं आणि श्रावणसरींच्या मधे उघडीप मिळते.

हवामान खात्याचा इशारा आदल्या रात्री आणि निघताना, असा दोनदा बघा. रेड किंवा ऑरेंज असेल तर बेत रद्द. शनिवार-रविवारी घाटात गाड्यांच्या रांगा लागतात. मधल्या वारी पहाटे निघालात तर नऊच्या सुमाराला काठावर असाल. ढगाळ दिवशी भर दुपारचा प्रकाशही दरीत मऊ असतो, त्यामुळे सूर्योदयाची घाई नको. कडक ऊन पडलं तर मात्र काळा कातळ आणि पांढरं पाणी दोन्ही सांभाळणं अवघड होतं. तेव्हा चहा प्या, ढग यायची वाट बघा.

काय न्यायचं

साधा कॅमेरा आणि सोबत आलेली लेन्स चालेल. दुसरी लेन्स असेल तर लांबचं जवळ आणणारी न्या, ५५-२५० किंवा ७०-२०० अशी. दरीपलीकडचा एकच टप्पा उचलून घ्यायला तीच उपयोगी पडते. लेन्स बदलायची ती गाडीत बसून, काचा लावून.

फिल्टर एकच घ्या: पोलरायझर. ओल्या पानांवर आणि कातळावर आभाळाची चमक पडते, त्यामुळे हिरवं फिकट आणि काळं राखाडी दिसतं. पोलरायझर फिरवत गेलात की एका ठिकाणी ती चमक उतरते आणि पानाचा खरा रंग वर येतो. हे डोळ्यांनी दिसतं, हळू फिरवून बघा. ढगाळ हवेतही तो काम करतो. तो साधारण दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), पण पाणी रेशमी करायला शटर संथ हवंच असतं, त्यामुळे इथे ते सोयीचंच पडतं. एनडी फिल्टरचे, म्हणजे नुसता प्रकाश कमी करणाऱ्या काळसर काचेचे, पैसे सध्या वाचवा. पावसाळी दरीत एवढा अंधार असतो की तो सहसा लागत नाही.

ट्रायपॉड जड असेल तर उत्तम. मधला दांडा वर करू नका, पाय फाकवून तो बुटका ठेवा. रस्त्याच्या कडेला लावलात तर ट्रक किंवा एसटी जाताना जमीन हलते, ती जाऊ द्या आणि मग बटण दाबा.

खरी लढाई पाण्याशी आहे. त्यासाठी महागडं काही लागत नाही. हॉटेलात मिळते तशी शॉवर कॅप कॅमेऱ्याच्या अंगावर नेमकी बसते. मोठी पॉलिथिन पिशवी, दोन रबरबँड, लेन्सचा हूड, आणि काच पुसायची मायक्रोफायबरची पाच-सहा फडकी. फडकी वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांत ठेवा, कारण सगळी एकत्र ठेवली की एक भिजलं म्हणजे सगळी भिजली. कॅमेऱ्याचं अंग पुसायला घरचा जुना सुती पंचा वेगळा न्या. कॅमेऱ्यावर ‘वेदर सील्ड’ लिहिलेलं असलं तरी तो पाण्यात टिकेल असं समजू नका. त्याचा अर्थ चार थेंब सोसेल एवढाच.

छत्री लांब दांड्याची, काळी. रंगीत छत्रीचा रंग चौकटीत उतरतो. ती धरायला सोबत माणूस हवा, आणि सोबत हवीच. एकट्याने या दरीत पावसात जाऊ नये. मोठ्या झोतात छत्री उलटी होते, तेव्हा ती मिटून गाडीकडे परता.

गाडीचाही उपयोग करून घ्या. हॅचबॅक असेल तर रस्त्यापासून आत, वळणापासून दूर, मोकळ्या जागी मागची बाजू दरीकडे करून उभी करा आणि डिकी उघडा. वर छप्पर मिळतं, सामान कोरडं राहतं, ट्रायपॉडही डिकीखाली मावतो. पावसात ही माझी सगळ्यात आवडती जागा.

पोहोचण्याआधी एक काम

एसी लावलेल्या गाडीतून दमट हवेत कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर धुकं साचतं आणि पुसलं तरी पुन्हा येतं. म्हणून घाट सुरू होताना एसी बंद करा, काचा थोड्या खाली घ्या आणि कॅमेऱ्याची बॅग उघडी ठेवा. वीस-पंचवीस मिनिटांत काच बाहेरच्या हवेच्या तापमानाला येते. एवढं केलंत तर पहिल्या उघडीपीतच फोटो मिळतो.

काठावर उभं राहिल्यावर

दहा मिनिटं कॅमेरा काढू नका. ढग कुठून येतात, किती वेळाने फाटतात, त्याचा एक ठेका असतो तो बघा. दरी पूर्ण भरलेली असेल तरी निघून जाऊ नका. ढग उघडतात ते पाच-सात मिनिटांसाठी, आणि त्या वेळी ज्याचा कॅमेरा लावून तयार असतो त्याला चित्र मिळतं.

समोर सात-आठ धारा दिसत असतात. सगळ्या एका फोटोत कोंबायचा मोह होतो. एक निवडा. तिच्या आजूबाजूला काळा कातळ भरपूर ठेवा, आभाळ शक्यतो कापून टाका. पावसाळी आभाळ फोटोत पांढरं ठिगळ दिसतं आणि नजर तिकडे ओढतं. उंचीचा अंदाज यावा म्हणून चौकटीत ओळखीचं काहीतरी हवं: काठावरचं एखादं झाड, पलीकडच्या पठारावर चरणाऱ्या म्हशी, घाटाच्या वळणावरची लाल एसटी. एवढीशी एसटी आणि वरून सुटलेली धार एका चौकटीत आली की कड्याची उंची वेगळी सांगावी लागत नाही.

वाटेत भातलावणी चालू असेल, खोळ पांघरून बायका चिखलात वाकलेल्या असतील. फोटो काढायचा तर आधी विचारा, “मावशी, फोटो काढू का?” नको म्हणाल्या तर पुढे चला. बांधावरून चालताना बांध फुटणार नाही हे बघा.

कॅमेऱ्याची मांडणी

इथे जरा थांबून समजून घ्या. ओला बेसॉल्ट जवळजवळ काळा असतो आणि पडणारं पाणी झगझगीत पांढरं. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर चौकटीतला काळा भाग बघून म्हणतो, अंधार आहे, आणि फोटो उजळ करतो. परिणामी कातळ राखाडी होतो आणि पाणी जळतं, त्यातली एकही रेघ उरत नाही. एकदा जळलेलं पांढरं नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये परत येत नाही. काळ्यातलं मात्र बरंच वर काढता येतं. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड कमी-जास्त करायचं चाक) उणे २/३ ते उणे १ वर ठेवा आणि जळलेला भाग लुकलुकवून दाखवणारा हायलाइटचा इशारा चालू करा. स्क्रीनवर धबधब्याचा मोठा भाग लुकलुकत असेल तर अजून कमी करा. फोटो जेपेगऐवजी रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न आवळलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा.

धुकं पसरलं की हे उलटं होतं. धुकं उजळ असतं, मीटर त्याला राखाडी करून टाकतो आणि फोटो मळका येतो. तेव्हा अधिक २/३ करा. त्याच जागी, अर्ध्या तासात, दोन्ही करावं लागतं, त्यामुळे बोट त्या चाकावरच असू द्या.

सुरुवात अशी करा: ॲपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो), छिद्र एफ/८, आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता १००, दोन सेकंदांचा टायमर. पोलरायझर लावलेला असताना ढगाळ दरीत शटर बहुधा १/८ ते १/२ सेकंदाच्या मधे कुठेतरी येतं. हा पट्टा मला सगळ्यात आवडतो. पाण्याच्या दोऱ्या दिसतात, वेग दिसतो आणि तरी ते पाणीच वाटतं. पाच-दहा सेकंद उघडं ठेवलंत तर भर पावसातल्या जाडजूड धारेची दुधाची साय होते. थोडं पाणी, पातळ धारा असतील तर एखादा सेकंद बरा. पाणी प्रचंड असेल तर शटर भराभर घ्या, १/५०० किंवा त्याहून वेगात, आणि कातळावर आपटून फुटणारं पाणी गोठवा. त्यासाठी आयएसओ ८०० किंवा १६०० झालं तरी हरकत नाही. एफ/१६च्या पुढे जाऊ नका, चित्र मऊ पडायला लागतं.

वाऱ्यात झाडं हलतात आणि संथ शटरमध्ये पुसट होतात. त्यावर उपाय म्हणजे ट्रायपॉड न हलवता दोन फोटो काढायचे, एक पाण्यासाठी संथ आणि एक झाडांसाठी जलद, आणि घरी जोडायचे. लांब लेन्स लावली असेल आणि वाऱ्याने ट्रायपॉडच थरथरत असेल, तर संथ शटरचा हट्ट सोडून द्या.

फोकस धुक्यात भरकटतो, लेन्स नुसती पुढे-मागे करत बसते. जिथे पांढरी धार काळ्या कातळाला लागते त्या कडेवर फोकस धरा, लागला की मॅन्युअलवर टाका आणि लेन्सवरची फोकसची कडी हलवू नका. व्हाइट बॅलन्स (रंगांची झाक ठरवणारी सेटिंग) क्लाउडीवर ठेवला तर दरीतली निळसर झाक कमी होते.

दोन फोटोंच्या मधे लेन्स नेहमी खाली झुकवलेली असावी. थेंब पडला तर शर्टाने घासू नका. फडकं त्यावर टेकवा, थेंब शोषला गेला की मग हलक्या हाताने पुसा. दर चार-पाच फोटोंनंतर स्क्रीनवर एक फोटो पूर्ण मोठा करून कोपरे तपासा. छोट्या स्क्रीनवर न दिसलेला एक थेंब घरी मोठ्या पडद्यावर सगळ्या फोटोंत सापडतो.

फक्त मोबाइल असेल तर

प्रो मोडमध्ये आयएसओ सगळ्यात खाली आणि शटर १/४ ठेवा. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून नंतर लाँग एक्स्पोजर निवडता येतं. पावसात टचस्क्रीन थेंबांनाच बोटं समजते आणि भलतीच बटणं दाबली जातात, त्यामुळे फोटो आवाजाच्या बटणाने काढा. काच प्रत्येक वेळी पुसा. एसीच्या गारव्यातून काढलेल्या फोनच्या काचेवर वाफ धरते आणि फोटो दुधट येतो, म्हणून तो थोडा वेळ हातात बाहेर धरा. छोटा ट्रायपॉड नसेल तर फोन कठड्यावर टेकवून टायमर लावा. कठडा दरीच्या आतल्या बाजूने ओला असतो, त्यावर स्वतः चढू नका.

पाय कुठे ठेवायचा

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर जुलैतच माणगाव तालुक्यात कुंभे धबधब्याजवळ व्हिडिओ करायला गेलेली एक तरुणी कड्यावरून सुमारे ३०० फूट खाली कोसळली. ही दोन्ही ठिकाणं आपण फोटोसाठी जातो तशीच आहेत, म्हणून हे इथे लिहिते आहे.

आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वरच्या पठारावर पडत असतो, आणि ते पाणी ओढ्यातून लोंढा होऊन येतं. पाणी एकदम गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज जड झाला, तर सामान उचलण्यात वेळ न घालवता काठावर वर या. खाली कोलाडच्या बाजूला कुंडलिकेचं पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून सोडल्यावर चढतं, तिथलं राफ्टिंग त्याच पाण्यावर चालतं. म्हणजे तिथे ऊन असतानाही पातळी वाढू शकते. पात्रातल्या खडकावर ट्रायपॉड लावू नका.

कड्याच्या टोकापासून दोन माणसांच्या उंचीइतकं तरी मागे राहा. टोकाशी गवताखाली माती भुसभुशीत झालेली असते आणि वरून ते कळत नाही. कॅमेऱ्यात डोळा घालून एक पाऊलही मागे-पुढे टाकायचं नाही. आधी डोळा काढा, पायाखाली बघा आणि मग हला. कातळावरचं काळपट, चकाकतं शेवाळ हिरव्यापेक्षाही घसरडं असतं. खाचांचे रबरी बूट मातीत छान धरतात, पण शेवाळावर कुठलेच बूट धरत नाहीत. जळवा लागतील. ओढून काढू नका, मीठ टाकलं की सुटतात. स्थानिक माणूस “पुढे जाऊ नका” म्हणाला की तिथेच थांबा. त्याने ही दरी बारा महिने पाहिलेली असते.

घरी आल्यावर, त्याच रात्री

कॅमेरा बॅगेत तसाच ठेवून झोपू नका. बॅटरी आणि कार्ड काढा, झाकणं उघडी ठेवा, अंग कोरड्या पंच्याने पुसा आणि सगळं पंख्याखाली कापडावर मांडा. हेअर ड्रायर नको, गरम हवेने पाणी आत ढकललं जातं. तांदळाच्या डब्यातही नको, पिठाची धूळ फटींत बसते. पोलरायझर लेन्सवरून काढून वेगळा वाळवा. तो तसाच राहिला तर मधे ओल अडकते आणि पुढच्या वेळी कडी फिरत नाही. ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांबवून साध्या पाण्याने धुवा, कारण सांध्यांत गेलेली बारीक माती वाळली की ते घट्ट बसतात.

दुसऱ्या दिवशी सगळं कोरडं झालं की घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. निळं जेल गुलाबी झालं म्हणजे त्याची ताकद संपली. ते कढईत मंद आचेवर पुन्हा निळं होईपर्यंत परता, ती कढई मात्र स्वयंपाकाला वापरू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते ती बहुधा कपाटात, फडक्यात गुंडाळून ठेवलेली असताना. डब्यात घड्याळी आर्द्रतामापक मिळाला तर तोही टाका. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे असेल तर सप्टेंबरपर्यंत काळजी नाही.